एक कोटीतला एक

सोनोग्राफीच्या मशीनवर एका कडेला, एकाखाली एक, बहुधा आठ छोट्या सरकत्या पट्ट्या असतात. नव्या मशीनवर त्या टचस्क्रीनवर गेल्या आहेत, पण काम तेच. डॉक्टरांचा एक हात प्रोब पोटावर फिरवत असतो आणि दुसऱ्या हाताचं बोट न बघताच या पट्ट्यांवरून सरकतं. एखादी किंचित डावीकडे, खालच्या दोन उजवीकडे. पडद्यावरचं चित्र वरून खालपर्यंत सारखं उजळलं की बोट थांबतं. बीडचं जिल्हा रुग्णालय असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असो की गेवराई-माजलगावचं एखादं खासगी सेंटर, हे बोट सगळीकडे असंच फिरतं. पेशंटचं लक्ष डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे असतं, त्यामुळे तिला ते दिसत नाही.

त्या बोटाच्या हालचालीमागे गुणाकार आहेत, आणि ते लाखा-कोटींचे आहेत.

पोटाच्या तपासणीसाठी प्रोब सेकंदाला ३५ लाख कंपनं असलेला, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरतो. आपल्या कानाची धाव २० हजार कंपनांपर्यंत. शरीरातल्या मऊ ऊतींमधून हा ध्वनी जातो तेव्हा ऊती त्याची ऊर्जा खातात आणि तिची उष्णता करून टाकतात. हिशेबाचा ढोबळ नियम असा: दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे अर्धा डेसिबल. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ध्वनीला जायचंही असतं आणि परतही यायचं असतं, म्हणून खोलीच्या प्रत्येक सेंटिमीटरला साडेतीन डेसिबल जातात. ३ डेसिबल म्हणजे ऊर्जा निम्मी. म्हणजे दर सेंटिमीटरला निम्म्याहून जास्त ऊर्जा गायब, उरलेल्यातून पुढच्या सेंटिमीटरला पुन्हा निम्म्याहून जास्त, आणि असंच पुढे.

१५ सेंटिमीटर खोल जाऊन परत येईपर्यंत किती उरतं? सुमारे १ लाख ७८ हजारांत एक भाग. २० सेंटिमीटरला ७० डेसिबल जातात आणि उरतो बरोबर एक कोटीत एक. हे फक्त ऊतींनी खाल्लेलं. वाटेत ध्वनी जिथे आपटून परत फिरतो, तिथेही तो सगळा फिरत नाही. यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांना टेकतात त्या सीमेवरून दहा हजारांत साधारण एक भाग मागे येतो, बाकीचा पुढे निघून जातो. दोन्ही धरलं तर १५ सेंटिमीटरवरच्या अशा सीमेचा प्रतिध्वनी सोडलेल्या ऊर्जेच्या सुमारे १७८ कोटींतला एक भाग असतो. भारताच्या लोकसंख्येहून मोठा आकडा, आणि त्यातला एक.

हे नुकसान भरून काढणाऱ्या मशीनच्या कडेच्या त्या सरकत्या पट्ट्या म्हणजे ‘टाइम गेन कॉम्पेन्सेशन’. डॉक्टरांच्या तोंडी नुसतं टीजीसी. उशिरा आलेला प्रतिध्वनी खोलातून आला असणार, म्हणून त्याला जास्त मोठा करायचा. लवकर आलेला वरवरचा, त्याला कमी. प्रत्येक पट्टी खोलीचा एक थर सांभाळते. कल्पना सोनोग्राफीची स्वतःची नाही, पाणबुड्या आणि विमानं शोधणाऱ्या सोनार-रडारवाल्यांनी ती आधी वापरली. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये पोटातल्या गाठींची ध्वनिचित्रं छापली आणि हे तंत्र प्रसूतिशास्त्रात आलं. पोटाचं यंत्र तेव्हापासून हेच करतं: हाक मारतं, गप्प बसतं आणि जितकं उशिरा उत्तर येईल तितका कान मोठा करतं.

किती उशिरा? मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला १,५४० मीटर धरतात. एक सेंटिमीटर जाऊन यायला १३ मायक्रोसेकंद लागतात, १५ सेंटिमीटरला १९५. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, आणि तो डोक्यात बसत नाही. म्हणून काळ ताणून पाहू: एका मायक्रोसेकंदाला एक सेकंद म्हणू. मग खरा एक सेकंद साडेअकरा दिवसांचा होतो आणि शरीरातला ध्वनी सेकंदाला दीड मिलिमीटर सरकतो. ही गोगलगाईची चाल, २०२२च्या पावसाळ्यात बीड-लातूरच्या सोयाबीनवर ज्यांनी धाड घातली त्याच गोगलगाईंची. या ताणलेल्या काळात प्रोब जेमतेम पाऊण-एक सेकंद ‘बोलतो’, तीन कंपनं सोडतो आणि मग सव्वातीन मिनिटं नुसतं ऐकतो. त्या सव्वातीन मिनिटांत, दर १३ सेकंदांना, कानाची ताकद सव्वादोन पटीनं वाढवत न्यायची. थांबायचं, पुन्हा शून्यावर यायचं, पुढची हाक मारायची. अशा १२८ हाका झाल्या की पडद्यावरचं एक चित्र पुरं होतं, ताणलेल्या हिशेबात सात तासांत. गर्भातल्या बाळाच्या हृदयाचा एकेक ठोका या घड्याळात साडेचार दिवस चालतो आणि तेवढ्यात यंत्राची सोळा चित्रं काढून होतात. काळ परत मूळ मापात आणला तर सेकंदाला ४० चित्रं, आणि आपल्याला ठोका धडधडताना दिसतो.

म्हणजे सोनोग्राफीचं मशीन एकूण वेळेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी वेळ ध्वनी सोडतं. साडेनव्याण्णव टक्के वेळ ते ऐकत असतं. ‘मशीनची किरणं किती वेळ सोडणार?’ असं घाबरून विचारणाऱ्या सासूबाई अजूनही भेटतात. ही किरणं नव्हेत, आणि ती सतत सोडलीही जात नाहीत. चित्र अंधूक असेल तर चांगले सोनोलॉजिस्ट आधी आवाज मोठा करत नाहीत, कान मोठा करतात. आवाज वाढवला तर बाळापर्यंत जास्त ऊर्जा जाते, कान वाढवला तर काहीच जास्त जात नाही.

आता कान म्हणजे काय ते पाहू. प्रोबच्या तोंडाशी दाबविद्युत स्फटिकाचे बारीक तुकडे असतात. दाबले की वीज देतात, वीज दिली की हलतात. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवला. ध्वनी सोडताना दाब साधारण दहा वातावरणांइतका असतो असं धरलं, तर प्रोबसमोरची ऊती सुमारे ३० नॅनोमीटर मागे-पुढे हलते. केसाच्या जाडीचा हा अडीच हजारावा भाग. परत येणाऱ्या लाटेचं मी गणित करून पाहिलं. वरच्या १७८ कोटींच्या हिशेबानं लाटेची उंची सुमारे ४२ हजारपट कमी होते, कारण ऊर्जा ही उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे १५ सेंटिमीटरवरून आलेला तो प्रतिध्वनी स्फटिकाचा पृष्ठभाग एका नॅनोमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी हलवतो. हायड्रोजनचा अणू साधारण ०.१ नॅनोमीटर रुंद. प्रतिध्वनीचा हेलकावा त्याच्या दीडशेव्या हिश्श्याएवढा!

स्फटिकातले अणू तर नुसत्या उष्णतेनंच याच्या कितीतरी पट जास्त थरथरत असतात. मग हे ऐकू येतं कसं? ती थरथर ज्याची त्याची असते, कुणाची इकडे, कुणाची तिकडे. प्रतिध्वनी आला की स्फटिकाच्या तुकड्यातले अब्जावधी अणू एकाच वेळी एकाच दिशेला सरकतात. विजेचा इशारा त्या एकमतातून उमटतो.

आणि मध्ये हवेचा पातळसा पापुद्रा आला तरी हे सगळं फुकट. हवा आणि त्वचा यांच्या सीमेवरून ९९.९ टक्के ध्वनी मागे फिरतो. आत जायला हजारात एक, बाहेर यायला त्यातला पुन्हा हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. पोटावर ओतला जाणारा तो थंडगार चिकट जेल हे दहा लाखाचं नुकसान वाचवतो. एवढ्या परताव्याची दुसरी वस्तू मला तरी दवाखान्यात दिसत नाही.

नेम धरण्याचं काम वेगळंच. प्रोबमधले १२८ तुकडे एका बिंदूचा प्रतिध्वनी एकाच क्षणी ऐकत नाहीत. बिंदू ५ सेंटिमीटर खोल असेल तर मधल्या तुकड्यापेक्षा एक सेंटिमीटर बाजूच्या तुकड्याला तो सुमारे ६४० नॅनोसेकंद उशिरा ऐकू येतो. एका कंपनाचा काळच २८६ नॅनोसेकंद, म्हणजे ही तफावत दोन कंपनांहून जास्त. तशीच बेरीज केली तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराला भिडून दोन्ही पुसले जातील. म्हणून प्रत्येक तुकड्याचं बोलणं त्याच्या-त्याच्या उशिराइतकं मागेपुढे सरकवून मगच बेरीज करायची. मधल्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक तर जेमतेम अर्ध्या-पाऊण नॅनोसेकंदाचा. हे खोलीच्या प्रत्येक बिंदूसाठी, प्रत्येक रेषेसाठी. दर तुकड्याचं बोलणं सेकंदाला ४ कोटी वेळा टिपलं, तर १२८ तुकड्यांचे मिळून सेकंदाला ५१२ कोटी आकडे होतात. पडद्यावर दर सेकंदाला यातून जेमतेम सव्वा कोटी ठिपके पोचतात. उरलेले आकडे बेरजांमध्ये विरघळतात.

एवढी यंत्रणा हाताशी असताना टीजीसीच्या पट्ट्या सगळ्या उजवीकडे सारल्या तर चित्र सुंदर का होत नाही? कारण पट्टीला प्रतिध्वनी कोणता आणि खरखर कोणती ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक भागांतली उष्णतेची खरखर प्रत्येक खोलीवर तेवढीच असते, प्रतिध्वनी मात्र खोलीबरोबर विझत जातो. कुठेतरी तो खरखरीखाली जातो. तिथून पुढे कोटीनं गुणा नाहीतर अब्जानं, दोन्ही सारखेच मोठे होतात आणि पडद्याच्या तळाशी राखाडी धुकं साचतं. उपाय असतो, पण तो दुसरीकडे, आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. एकाच रेषेचे सोळा प्रतिध्वनी घेऊन सरासरी काढली तर इशारा खरखरीच्या तुलनेत १२ डेसिबलनं वर येतो, ३.५ मेगाहर्ट्झला त्यातून जास्तीची साडेतीन सेंटिमीटर खोली मिळते. पण मग चाळीसऐवजी सेकंदाला अडीच चित्रं, आणि बाळाचं हृदय नुसतं धूसर. दुसरा उपाय म्हणजे सूर खाली आणायचा. ५ मेगाहर्ट्झऐवजी ३.५ वापरलं तर १५ सेंटिमीटरवर पावणेदोनशेपट ऊर्जा वाचते, पण लाटेची लांबी ०.३१ वरून ०.४४ मिलिमीटर होते आणि बारकावे जातात. थायरॉइड पाहायचा १० मेगाहर्ट्झचा प्रोब पोटावर का ठेवत नाहीत त्याचं उत्तर याच गणितात आहे: १० सेंटिमीटरवरून परतताना त्याचा एक हजार कोटींत एक भाग उरतो. तिसरी युक्ती मला सगळ्यांत हुशार वाटते. ऊतींमधून जाताना लाट किंचित वेडीवाकडी होते आणि तिच्यात दुपटीचा सूर आपोआप मिसळतो. मशीन सोडतं एका सुरात आणि ऐकतं दुपटीच्या सुरात. वरच्या चरबीतला गोंधळ बहुतेक मूळ सुरातच राहतो, म्हणून तो गाळला जातो.

इतका अचूक असलेला हा हिशेब दोन अंदाजांवर उभा आहे. वेग १,५४०, आणि सेंटिमीटरला अर्धा डेसिबल. शरीर ते मानतंच असं नाही. चरबीत ध्वनी १,४५० नंच जातो. ४ सेंटिमीटर चरबीच्या खालची वस्तू मशीन अडीच मिलिमीटर आणखी खोल दाखवतं. मूत्राशयातलं पाणी तर जवळपास काहीच ऊर्जा खात नाही. ‘बाई, पाणी पिऊन या, लघवी धरून ठेवा,’ हे ज्यांनी ऐकलंय त्यांना तो त्रास आठवेल. पण भरलेलं मूत्राशय हवेनं भरलेली आतडी बाजूला सारतं आणि गर्भाशयाच्या पिशवीकडे पाहायची खिडकी उघडतं. फक्त टीजीसीला हे माहीत नसतं. ते समजतं, ५ सेंटिमीटर ऊती पार केल्या, आता साडेसतरा डेसिबल भरून द्यायचे. नुकसान झालेलंच नसताना भरपाई! मागची पिशवी ५६ पट जास्त उजळते. तिथे खालच्या पट्ट्या डावीकडे घेणाऱ्या बोटाची किंमत कळते. गेन जास्त राहिला तर पाण्याच्या साध्या गाठीत खोटे ठिपके भरतात आणि ती घट्ट गाठ वाटू लागते. कमी पडला तर घट्ट गाठ काळी, पाण्यासारखी दिसते. पाठ्यपुस्तकात पहिल्याच प्रकरणात शिकवतात ते हे.

बीडमध्ये पडद्यावरचा राखाडी रंग जरा जास्त गंभीरपणे घ्यावा लागतो. सोनोग्राफीचा विषय निघाला की या जिल्ह्याचा पहिला आकडा कुणीही सांगतं: ८०७. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे इतक्या मुली, महाराष्ट्रात सर्वांत कमी. त्याआधीच्या, २००१च्या जनगणनेत त्या ८९४ होत्या. निसर्गाचा आकडा साडेनऊशेच्या आसपास धरला तर दर हजार मुलग्यांमागे सुमारे १४३ मुली कमी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा. तरीही २०१२ मध्ये परळीचं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण घडलं आणि तिथल्या डॉक्टर दांपत्याला बीडच्या न्यायालयानं शिक्षा सुनावायला २०१९ उजाडलं. या गुन्ह्यात चित्र अंधूक असण्याचा प्रश्नच नव्हता. चित्र स्वच्छ होतं. कायद्यानं मशीनला सील ठोकता येतं, प्रत्येक गर्भवतीमागे तपासणीच्या नोंदीचा एफ फॉर्म भरावा लागतो आणि नोंदलेल्या जागेबाहेर मशीन हलवण्यावर बंधनं आहेत. खिशात मावणारे प्रोब जगात आले तरी ते ऊसतोडीच्या फडावर पोचत नाहीत, आणि ८०७ पाहता हे नियम मला जाचक म्हणवत नाहीत.

दुसरा आकडा ऊसतोड बायांचा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकात जायचं. एक दिवस काम चुकलं की खाडा आणि दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. जवळपास दर सहा बायांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. यामागे गरिबी, उघड्यावरचं जगणं, खाड्याची भीती, खासगी दवाखान्यांचा धंदा, सगळं आहे, आणि त्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं अहवालही दिला. माझा मुद्दा त्यातल्या एका अरुंद फटीपुरता आहे. ‘पिशवीला सूज आहे’, ‘गाठ आहे’, ‘पुढे कॅन्सर होईल’, अशी वाक्यं या बायांनी सांगितली. अणूच्या दीडशेव्या हिश्श्याचा हेलकावा पकडून, नॅनोसेकंद जुळवून, कोटींनी गुणून मशीननं जे मोजलं, ते बाईपर्यंत पोचताना ‘सूज’ झालं. सूज किती, ते कुणी सांगितलं नाही.

मशीनला ते सांगता येतं. पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव होत असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी पाहतात. ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी. ४ मिलिमीटर म्हणजे जाऊन-येऊन पाच मायक्रोसेकंद आणि थोडं, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झची नऊ लाटांची लांबी. पडद्यावर दोन फुल्या ठेवून हे मोजायला डॉक्टरांना काही सेकंद पुरतात. पिशवीचा आकारही असाच मोजतात: लांबी, रुंदी, जाडी, आणि तिघांच्या गुणाकाराला ०.५२३ नं गुणायचं. ८, ५ आणि ४ सेंटिमीटर असेल तर ८४ घनसेंटिमीटर, बाळंतपणं झालेल्या बाईची नेहमीची पिशवी. तिन्ही फुल्या जरा ढिसाळ ठेवल्या, प्रत्येक माप पाच टक्क्यांनी वाढलं, तर उत्तर ९७ येतं. म्हणजे सोळा टक्के सूज फुल्यांमधूनच येऊ शकते. रिपोर्टवर तीन मापं लिहिलेली असतील तर अंबाजोगाईचा दुसरा डॉक्टर, पेशंटला पुन्हा पाणी न पाजता, कागदावरच हा हिशेब तपासू शकतो.